पश्चिमेच्या दाराला व्हिनिअर

आमचं बडोद्याचं घर दांडिया बाजारात, आणि दर्शनी दार नेमकं पश्चिमेला. दुपारी दोननंतर ऊन सरळ कुलपावर. 4 वर्षांपूर्वी एका मिस्त्रीकडून त्यावर सागाचं व्हिनिअर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, लावून घेतलं. मे महिन्यात कडीपाशी पापडासारखे फुगे आले, पावसाळ्यात खालची कड सुटली. उचकटून पाहिलं तर आत पिवळा, रबरासारखा गोंद. ओढला की तारा निघत होत्या. तो कॉन्टॅक्ट गोंद उन्हात मऊ पडतो. कपाटाला ठीक, अशा दाराला नाही.

या खेपेला मी आणि भाऊजींनी घरीच केलं, संक्रांतीच्या आठवड्यात, कारण तेव्हा हवा कोरडी असते. गच्ची पतंगांसाठी मुलांनी अडवलेली, म्हणून दार दिवाणखान्यात दोन बाकांवर आडवं टाकलं. उभ्या दारावर हे काम करायच्या फंदात पडू नका. दारही फ्लशचंच, म्हणजे नक्षी-चौकटी नसलेलं सपाट हवं, आणि खालून फुगलेलं असेल तर व्हिनिअरचा खर्च करू नका, दारच बदला.

जुनं व्हिनिअर गरम इस्त्री फिरवली की सुटतं. मग गोंद, पॉलिश सगळं घासून कोरं लाकूड काढायचं आणि खड्डे इपॉक्सी पुट्टीनं भरायचे.

आता कडा. चारही कडांना सागाची 6 मिमी पट्टी मारा, वर आणि खालीसुद्धा. त्या दोन कडा कुणाला दिसत नाहीत, म्हणून मिस्त्री कोऱ्या सोडतात, आणि पाणी तिथूनच शिरतं. दोन्हीकडे पट्टी म्हणजे दार 12 मिमी वाढलं. तेवढं आधीच रंध्यानं काढून घ्या. आम्ही उंचीचं विसरलो, दार उंबऱ्याला घासायला लागलं, भाऊजींना पुन्हा रंधा मारावा लागला.

व्हिनिअर 0.5 मिमीचं, 8 बाय 4 फुटांचं पान. दारापेक्षा चहूकडून सेंटीमीटरभर मोठं कापा, लाकडाच्या रेषा उभ्या ठेवा. गोंद आम्ही दोन भागांचा इपॉक्सी घेतला, हळू सेट होणारा. दारावर दातेरी पत्र्यानं पातळ पसरायचा, पान मधून कडांकडे दाबत न्यायचं. इपॉक्सी पानाच्या छिद्रांतून वर येतो, म्हणून त्यावर आधी प्लास्टिक, मग प्लाय, मग वजन. आजेसासूबाईंचा पाटा, जातं आणि चाळीसेक विटा, 24 तास. प्लास्टिक विसरलात तर प्लायही दारालाच चिकटेल!

दुसऱ्या दिवशी मागची बाजूही तशीच. एकाच बाजूला लावलं तर दार वाकतं. मग बोटाच्या पेरानं टकटक करत फिरा. पोकळ आवाज आला की तिथे रेषेच्या दिशेनं ब्लेडची चीर द्या, सिरिंजनं इपॉक्सी सोडा आणि पुन्हा वीट.

वाढलेली कड कटरनं काढून 180 आणि 220 नंबरचा पॉलिश पेपर रेषेच्या दिशेनंच, हलक्या हातानं. अर्धा मिलिमीटरच आहे, जोर केलात तर खालचं लाकूड दिसेल.

बाहेर मेलामाइन पॉलिश नको. ऊन सोसणारं, बाहेरच्या कामाचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश घ्या. आम्ही 3 हात दिले, वरच्या-खालच्या कडांना 4. कुलपासाठी दारात पाडलेल्या भोकातही ब्रश घाला.