पोट भरलं तरी बाळ चोखत राहायचं, पॅसिफायरचा माझा अनुभव

आमचं बाळ पोटभर पिऊन झालं तरी सोडायचंच नाही, बाजूला केलं की रड सुरू. इथे मालवणात पॅसिफायर (बाळाला नुसती चोखायला देतात ती चोखणी) म्हटलं की घरातले नाक मुरडतात, पण डॉक्टर म्हणाले आधी अंगावरचं दूध नीट बसू दे, वजन वाढू दे, ३-४ आठवडे तरी थांबा, म्हणून महिना उलटल्यावरच आणला. भूक लागली तर दूधच, पॅसिफायर फक्त झोपायच्या वेळी ओठाला लावायचा, घेतला तर ठीक, कोंबायचा नाही, आणि झोपेत पडला तर परत घालायचा नाही. झोपताना दिल्याने बाळाच्या झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका कमी होतो, हे कळल्यावर माझी भीती गेली.

सासूबाई मायेने म्हणाल्या मधात बुडवून दे, पण ते अजिबात नको हां! वर्षाच्या आत मधाने बोट्युलिझम (जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार) होऊ शकतो. गळ्यात दोरीने तर बांधूच नका. आणि आपल्याकडे पावसात सगळ्यालाच बुरशी धरते, म्हणून उकळून, पूर्ण कोरडा करून झाकणाच्या डब्यात ठेवते, चिकट किंवा चिरलेला दिसला की फेकायचा. आता संध्याकाळची रडारड थांबलीय, दूधही छान पितंय. ६ महिन्यांनंतर कमी करत नेणार, कारण पुढे कानाच्या इन्फेक्शनचा त्रास वाढू शकतो.