काळप्रवासी हेराला जुन्या पुण्यात पाठवताय? या चुका टाळा

दिवाळी अंकांच्या कथा जमवायचे दिवस आले की माझ्याकडे वाचायला येणाऱ्या बाडात एक तरी काळप्रवासी असतोच. तो दोनशे वर्षं पुढून येतो, पुण्यात उतरतो, वेश बदलून राहतो आणि एखादं संकट थांबवतो. बहुतेकदा १९६१चा पानशेत धरणफुटीचा पूर. त्याखालोखाल १७७३मधला नारायणराव पेशव्याचा खून. क्वचित एखादा १८९७च्या प्लेगात शिरतो. यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. माणूस कपाटातून येवो की बोगद्यातून, वाचक ते चालवून घेतो. अडतो तो पुढे, हा गडी रस्त्यावर आल्यावर. गुपचूप राहायला गेलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत पकडला जायला हवा होता, आणि लेखकाला त्याचा पत्ताच नसतो.

खिशातली चिल्लर

आधी माझीच चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या शनिवारच्या बैठकीत मी अशी एक कथा वाचली. नायक ११ जुलै १९६१च्या संध्याकाळी बुधवार पेठेत अमृततुल्यात चहा पितो, 'दहा पैसे' टेबलावर ठेवतो आणि उठतो. मागच्या रांगेतले एक निवृत्त मास्तर तेव्हा काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी तपकिरीच्या डबीतून एक नाणं घेऊन आले. कडा लाटेसारखी वळणावळणाची, एका अंगाला सिंह, दुसऱ्या अंगाला दहाचा आकडा, 'नये पैसे' आणि 'रुपये का दसवाँ भाग'. "तुमचा हेर नुसतं पैसे म्हणाला," मास्तर म्हणाले. "तो चौसष्टच्या पुढचा असणार."

बरोबर होतं त्यांचं. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली. रुपयाचे चौसष्ट पैसे होते ते शंभर झाले. जुन्या पैशाशी गल्लत नको म्हणून 'नये' जोडलं, ते १ जून १९६४ला काढलं. मधल्या काळात लोकांच्या खिशात नये पैसे आणि तोंडात आणे. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे, आणि पाव पैशाचं नाणं नाही. शेर जाऊन किलो यायचं कामही १९६१मध्ये अर्धवटच होतं. वाण्याच्या दुकानात पाच मिनिटं उभा राहून जो गोंधळत नाही, तो तिथला नाहीच. तेव्हा नायकाला थोडा गोंधळू द्या, आजूबाजूचेही गोंधळलेलेच आहेत. फक्त त्याच्या नाण्यांवरची सालं एकदा तपासा. १९६७चं नाणं १९६१मध्ये काढणारा हेर मी दोन कथांत वाचलाय.

"कुणाकडे?"

ही सगळ्यात मोठी चूक. आपले लेखक नायकाला वाड्यात खोली घेऊन देतात आणि दुसऱ्या परिच्छेदात तो बिनघोर खिडकीतून पाळत ठेवतो. वाड्यात! जिथे एक नळ, एक चौक, आठ-दहा बिऱ्हाडं आणि जिन्याखाली कायमचे बसलेले एक अण्णा, तिथे?

प्रत्यक्षात काय होईल ते ऐका. दिंडी दरवाजातून आत पाऊल टाकलं की "कुणाकडे?" मग आडनाव. मग "कुठले तुम्ही?" गाव सांगितलं की "मग तिथले ते वकील तुमचे कोण?" यात संशय नसतो, ही आपुलकी आहे, आणि म्हणूनच ती जास्त धोकादायक. संशय घेणाऱ्याला खोटं सांगता येतं. पण तुमची सोयरीक शोधायला निघालेला माणूस तिसऱ्या प्रश्नाला तुमच्या खोट्या गावातला खरा माणूस काढतो, आणि तो माणूस पुढच्या आठवड्यात कार्याला पुण्यात येणार असतो.

इथे आणखी एक गोष्ट गुपचूप गाळलेली असते. १८९७ असो की १७७३, जात काय सांगणार हे ठरवल्याशिवाय तुमचा नायक ओसरी ओलांडू शकत नाही, पाणी मागू शकत नाही, जेवायला बसू शकत नाही. हा प्रश्न टाळून लिहिलेलं जुनं पुणं म्हणजे नाटकाचा पडदा.

यावर उपाय असा, की अनोळखी असणं हाच ज्याचा धर्म आहे असं सोंग त्याला द्या. १९६१साठी कॉट बेसिसवर राहून खानावळीत जेवणारा, बाहेरगावचा कारकून. अशी मुलं तेव्हा पुण्यात ढिगाने होती. १८९७साठी त्याहून सुरेख सोय आहे: वार लावून जेवणारा विद्यार्थी. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. आठवड्याला सात स्वयंपाकघरं, आणि ताटावर खाली मान घालून बसलेल्या गरीब ब्राह्मणाच्या पोरासमोर घरातले लोक सगळं बोलतात. हेरखात्याला यापेक्षा चांगली जागा सुचली नसती. आजवर एकाही कथेत मी हा वार लावलेला हेर पाहिलेला नाही. कुणी लिहिणार असेल तर खुशाल घ्या.

निनावी चिठ्ठी

नायक तोंडाने सांगू शकत नाही म्हणून चिठ्ठी टाकतो. १९६१मध्ये: "उद्या सकाळी धरण फुटणार आहे. घरात थांबू नका." आता ही चिठ्ठी तुमच्या-माझ्यासारखीच लिहिलेली आहे, आणि तिथेच घात आहे. न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकायचे नियम १९६२चे. त्याआधी शाळेत शिकलेला माणूस 'घरांत' लिहील, 'कांहीं' लिहील, 'नाहीं' लिहील. सदाशिव पेठेतल्या मास्तरांच्या हाती ही चिठ्ठी पडली तर ते धरणाचं नंतर बघतील, आधी लाल शाई काढतील.

पेशवाईत तर देवनागरी वळणाची चिठ्ठी मुळातच चालायची नाही. व्यवहाराचा कागद म्हणजे मोडी. बोरू शक्यतो न उचलता, शब्दांत जागा न सोडता, आधी ओढलेल्या रेघेखाली लिहीत जायचं. नारायणरावाला 'धरावें'चं 'मारावें' झालं ही जी गोष्ट सांगतात, तो कागद अडवायला निघालेल्या नायकाला मोडी वाचताच येत नसेल तर तो कागद हातात धरून करणार काय? शिवाय तारीख. ३० ऑगस्ट १७७३ हे तुमच्यासाठी. दप्तरातल्या कागदांवर सुहूर सन ही वेगळीच कालगणना असायची, तीही अरबी अंकशब्दांत. शेवटी 'मया व अलफ', म्हणजे अकराशे. चुकीचा आकडा वाचला की नायक एक वर्ष उशिरा पोचणार, खुनानंतर राघोबाविरुद्ध बारभाईंचं कारस्थान जमून गेल्यावर.

धोका माहीत असणं म्हणजे धोका टळणं नव्हे

आता पानशेत. कथा ठरलेली असते: नायकाला माहीत आहे की धरण फुटणार, बाकी कुणाला माहीत नाही, तो ओरडून सांगतो, कुणी ऐकत नाही, शेवटी ऐकतात.

पण बाकीच्यांना माहीत होतं हो! आंबी नदीवरच्या त्या मातीच्या धरणाचा भराव खचतोय हे धरणावरच्या माणसांना डोळ्यांनी दिसत होतं. लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते ते उगाच नव्हे. म्हणजे भविष्यातून बातमी आणणारा माणूस १२ जुलैच्या आदल्या रात्री अगदी निरुपयोगी आहे. बातमी तिथे आहेच. नाही तो वेळ.

मग संकट कुठे थांबवता आलं असतं? काम पुरं व्हायच्या आधी त्या पावसाळ्यात धरण भरलं. पाणी बाहेर सोडायच्या मोरीचं काँक्रीट सळ्या घालून मजबूत केलेलं नव्हतं. ती मोरी ढासळली आणि तिच्यावरचा भराव खाली बसत गेला. म्हणजे फट पडली ती पोत्यांच्या रात्री नाही, महिनोन्महिने आधी, कुठल्यातरी टेबलावर. खरा काळप्रवासी हेर १९६०मध्येच मस्टरवर लागलेला पाहिजे: ओव्हरसियर, नकाशानवीस, फार तर टिपणं पुढे सरकवणारा हेडक्लार्क. वर्षभर डबा खाऊन, साहेबांच्या मुलीच्या लग्नात पंक्तीला वाढून पत कमवायची, आणि मग एका बैठकीत एवढंच म्हणायचं की साहेब, या पावसाळ्यात पाणी अडवायला नको. हे लिहायला कंटाळवाणं वाटतं म्हणून कुणी लिहीत नाही. मला विचाराल तर सगळा थरार तिथेच आहे. त्याला उत्तर माहीत आहे, बोलायची पायरी नाही.

आणखी एक चूक इथेच होते. फुटलेली धरणं दोन होती. सकाळी पानशेत गेलं, ते पाणी खडकवासल्यात आलं, आणि दुपारी इंग्रजांच्या काळातलं खडकवासल्याचं दगडी धरणही गेलं. पाणी जरा उतरलं म्हणून सामान काढायला माणसं परत पाठवणारा नायक त्यांना दुसऱ्या लोंढ्याच्या तोंडी देतो. आणि खडकवासला गेलं म्हणजे नळही गेला, आठवड्यांसाठी. पुरातून वाचवलेली माणसं पुढे पाणी कुठून भरतात, हे लिहिलेली कथा मला अजून वाचायची आहे.

कथा फारच अडली असेल, म्हणजे पूर थांबला तर नायक निघालाच कशाला हा काळप्रवासातला जुना गुंता सुटत नसेल, तर उपाय इतिहासानेच दिलाय. त्या पोत्यांनी धरण वाचलं नाही, पण काही तास तगलं. रात्री झोपेत येणारं पाणी सकाळी उजेडात आलं, आणि पुण्यातले हजारो लोक चढावर पळू शकले. तुमचा नायक त्या रांगेत पोती उचलणारा एक माणूस असू दे. भूतकाळ कुठेही बदलत नाही, कुठलाही विरोधाभास होत नाही, आणि त्याची मोहीम फत्ते होते. रात्रीचा दिवस करणं यापेक्षा अक्षरशः घडलेलं मला माहीत नाही.

प्लेगातले हेर

१८९७ निवडणाऱ्यांना एकच विचारतो: संकट नक्की कोणतं? प्लेग, रँड या इंग्रज अधिकाऱ्याची प्लेग समिती, की २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्याच्यावर झाडल्या गेलेल्या गोळ्या? तिन्ही थांबवायला निघालेला नायक एकही थांबवत नाही. बरं, तो मुंबईच्या गाडीने आला तर पुणे स्टेशनातच डॉक्टरांच्या तपासणीत अडकेल. उंदरांच्या पिसवांचं सांगायला गेला तर कुणाला पटणार नाही. पॉल-लुई सिमोंने ते मांडलं १८९८मध्ये. आणि खिशात प्लेगवरच्या औषधाच्या गोळ्या घेऊन गेला असेल तर लेखकाने आधीच ठरवावं. सावित्रीबाई फुले हडपसरजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्चला गेल्या. औषध असलेला माणूस त्या दिवशी पुण्यात होता आणि हडपसरकडे गेला नाही, तर का गेला नाही, हे वाचक विचारणारच. 'नियम होता' एवढ्यावर भागत नाही. तो नियम पाळताना त्याची झोप उडालेली दिसली पाहिजे.

घड्याळही बघा. तेव्हा रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची, आणि ती पुण्याच्या सूर्यापेक्षा सुमारे पंचवीस मिनिटं पुढे. सगळ्या हिंदुस्थानची एक वेळ १९०६ची. गणेशखिंडीत पंचवीस मिनिटं चुकली की बग्गी निघून गेलेली असते.

किरकोळ, पण नक्की सापडणाऱ्या

१९६१चा पूर बालगंधर्व रंगमंदिरासमोरून बघू नका, ते १९६८मध्ये उघडलं. लकडी पूल चालेल, पण पाणी चढायच्या आधी. पेशवाईतल्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी नको आणि पहाटेचा चहा तर नकोच. जुन्या पुण्यात बोडक्या डोक्याने बाहेर पडणाऱ्याला लोक "कोण गेलं?" विचारतील. आणि नायक १९८०नंतर जन्मलेला असेल तर त्याच्या दंडावर देवीची लस नाही. १७७३मध्ये त्याला नारायणरावाला मारणाऱ्या गारद्यांपेक्षा देवीच्या रोगाची भीती जास्त. ती लस हिंदुस्थानात पहिल्यांदा टोचली १८०२ला, मुंबईत.

शेवट जमत नसेल तर

परत आल्यावर नायक यंत्रातून बाहेर पडून आकाशाकडे बघतो, हे आता बंद करा. माझ्या त्या फसलेल्या कथेचा दुसरा खर्डा मी असा केला. नायक पुन्हा नारायण पेठेतल्या त्या वाड्यात जातो. जिन्याशेजारच्या भिंतीवर पुरुषभर उंचीच्याही वर पुराची रेघ आहे, गेरूने आखलेली. तो तिच्याखाली उभा राहून हात वर करून बघतो, पोचत नाही. चौकात तांदूळ निवडत बसलेली म्हातारी मान वर करते.

"कुणाकडे?"

"जोश्यांकडे."

"ते होय. ते पुरानंतर सहकारनगरला गेले," ती म्हणते, आणि सूप खाली ठेवते. "तुम्ही कोण त्यांचे?"