रात्री जाग आली तर घड्याळ बघू नका

मध्यरात्री जाग येते, हात आपसूक मोबाइलकडे जातो, ३ वाजून १० मिनिटं झालेली दिसतात आणि डोक्यात हिशेब सुरू होतो: आता पावणेतीन तासच उरले. उरलीसुरली झोप त्या हिशेबानेच उडते.

१. झोपताना गजर लावा आणि मोबाइल हात पोचणार नाही इतका लांब, पालथा ठेवा. पलंगावरून भिंतीवरचं घड्याळ दिसत असेल तर तेही हलवा. गजर वाजला नाही म्हणजे अजून झोपायला वेळ आहे, एवढं कळलं की पुरे.

२. साधारण २० मिनिटं (अंदाजानेच!) डोळा लागला नाही तर कूस बदलत पडून राहू नका. उठा, मंद उजेडात काहीतरी संथ वाचा किंवा कपड्यांच्या घड्या घाला. पापण्या जड झाल्या की परत अंथरुणात. सुरुवातीला हे जिवावर येतं, पण मला सगळ्यात जास्त फायदा याचाच झाला.

३. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठा.

मात्र जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि दिवसभर पेंग असा त्रास असेल तर यावर विसंबून राहू नका, डॉक्टरांना दाखवा.