जुन्या मराठी पत्राची तारीख काढताना या चुका टाळा

इतिहासाच्या प्रबंधासाठी पेशवे दफ्तरातलं पत्र मिळतं, मोडी लागते, आणि गाडी अडते ती तारखेवर. वर्ष एकाने चुकलं की पत्र घटनेच्या आधीचं की नंतरचं हेच उलटं होतं.

शकात ७८ मिळवायचे, हे सूत्र अर्धंच आहे. शक बदलतो चैत्र शुद्ध प्रतिपदेला, इसवी सन १ जानेवारीला. म्हणून जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९ मिळवा. पानिपतची लढाई शके १६८२, पौष शुद्ध ८ ची. ७८ मिळवले तर ती १७६० मध्ये जाते. खरी तारीख १४ जानेवारी १७६१. पौष सर्वांत फसवा, कारण त्यात डिसेंबरही येतो नि जानेवारीही. तिथे जंत्री (तिथी आणि तारखांचा मेळ देणारं कोष्टक) उघडाच.

सुहूर सनात, म्हणजे अरबी आकडेशब्दांत वर्ष लिहिणाऱ्या कालगणनेत, याहून मोठा घोळ होतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १००० = ११६१. हा आकडा हिजरी, म्हणजे चांद्र सनाचा, समजलात तर १७४८ साल येतं, थेट तेरा वर्षं मागे! सुहूर सन सौर आहे, तो मृगाला, म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा, बदलतो: मृगापासून डिसेंबरअखेर ५९९, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवा. महिने मात्र हिजरीचेच असतात, त्यामुळे गफलत होते. ‘छ ६ जमादिलाखर’ मधला छ म्हणजे चंद्र, अर्थात हिजरी महिन्याची तारीख, आणि ती सूर्यास्ताला बदलते. आकडेशब्दही फसवे: सबा ७ नि सबैन ७०, खमस ५ नि खमसैन ५०. घाईच्या मोडीत शेवटची अक्षरं निसटतात, ती भिंगाखाली पाहा.

सुरतेच्या वखारीतली इंग्रजी पत्रं जुन्या (ज्युलियन) पंचांगाची, आणि त्यांचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यांतली १० फेब्रुवारी १६७३ आपल्या हिशोबाने १६७४ ची. गोव्याचे पोर्तुगीज कागद नव्या (ग्रेगोरियन) पंचांगाचे, सतराव्या शतकात १० दिवस पुढे. शिवराज्याभिषेकाचा ६ जून १६७४ त्यांच्याकडे १६ जून होतो.

टीपेत मूळ मिती जशीच्या तशी लिहा, रूपांतर चौकटी कंसात द्या. पत्रात वार असेल तर तो नक्की पडताळा. एका दिवसाचा फरक तिथीच्या आरंभामुळेही पडतो. चार दिवसांचा पडला तर मात्र वर्ष पुन्हा वाचा: चांद्र वर्षाच्या ३५४ दिवसांतून पूर्ण आठवडे वजा केले की चारच उरतात.