ग्रामपंचायत ते लोकसभा : आदिवासी उमेदवारानं आधी काय जमवावं

महाराष्ट्रात राखीव जागेवर निवडून आलेले कितीतरी सदस्य व्हॅलिडिटीपायी, म्हणजे जमातीच्या दाखल्याच्या वैधता प्रमाणपत्रापायी, पद गमावतात. म्हणून बॅनर आणि गाठीभेटी नंतर, आधी फाइल.

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद यांपैकी कुठेही प्रांताधिकाऱ्याचा जमातीचा दाखला एकटा पुरत नाही. अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि हमीपत्र जोडून उभं राहता येतं, पण मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर निवड मागच्या तारखेपासून रद्द होते. समिती ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदींना सगळ्यात जास्त वजन देते : आजोबा-पणजोबांचा शाळेचा उतारा, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जुने महसुली कागद. वडील, काका किंवा आत्याची व्हॅलिडिटी असेल तर वंशावळीसकट जोडा. घोळ होतो तो नोंदींत. महादेव कोळी कुटुंबाच्या जुन्या रजिस्टरात नुसतं ‘कोळी’ सापडतं आणि प्रकरण लांबतं. वेगळ्या शाईत वाढवलेला शब्द असलेला उतारा तर जोडूच नका, समितीचं दक्षता पथक मूळ रजिस्टर पाहतंच. देव, चालीरीती यांबद्दलही विचारतात. मात्र ही आप्तभाव चाचणी निर्णायक नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं आहे.

१२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यामुळे एकूण अपत्यं दोनपेक्षा जास्त होत असतील किंवा सरकारी जागेवर अतिक्रमण असेल, तर उमेदवार अपात्र ठरतो आणि विरोधक तक्रार करणारच. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेबही द्यायचा, हरलेल्यांनीसुद्धा.

अनुसूचित क्षेत्र १३ जिल्ह्यांत आहे आणि तिथलं सरपंचपद कायम जमातीसाठी राखीव असतं. राजकारण शिकायला याहून चांगली जागा नाही. पेसा म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा. त्याच्या पाच टक्के अबंध निधीचा (कशावर खर्चायचा ते गावानं ठरवायच्या पैशाचा) आराखडा ग्रामसभेतच मंजूर करून घ्या. कार्यालयात बसून लिहिलेला ठराव चौकशीत पहिला उघडा पडतो. जिल्हा परिषदेच्या गटांचं (मतदारसंघांचं) आरक्षण मात्र फिरतं, त्यामुळे शेजारच्या गटातही ओळख हवी.

पुढे वाट अरुंद होते. विधानसभेच्या २८८ पैकी २५ जागा जमातींसाठी, लोकसभेच्या ४८ पैकी चार : नंदुरबार, दिंडोरी, पालघर, गडचिरोली-चिमूर. अनामत निम्मी, म्हणजे विधानसभेला ५,००० आणि लोकसभेला १२,५०० रुपये. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर ती जप्त. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. इथे अर्जाला जमातीचा दाखला चालतो, पण निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका होऊ शकते, तेव्हा तीच जुनी फाइल कामी येते.

द्रौपदी मुर्मू १९९७ मध्ये ओडिशातल्या रायरंगपूरच्या नगरसेविका होत्या, २००० मध्ये आमदार झाल्या. माणिकराव गावित नंदुरबारमधून नऊ वेळा खासदार झाले. दोघांमागे पक्षसंघटना होती. अपक्षाला हा पल्ला फार जड जातो.

आमदार झाल्यावर जनजाती सल्लागार परिषदेकडे लक्ष ठेवा. कमाल २० सदस्य, त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश जमातीचे आमदार. खासदाराच्या वार्षिक पाच कोटींच्या निधीतली साडेसात टक्के कामं आदिवासी वस्तीत सुचवायची असतात. पाड्यांची यादी आधीच तयार असेल तर ती वेळेत सुचवता येतात.