वाटीखालचा गुडघा आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ

बीपीटीएच म्हणजे फिजिओथेरपीची पदवी झाली, इंटर्नशिप संपली, आता आपल्याच भागात म्हणजे जळगाव-धुळे-नंदुरबारकडे काम करायचंय असं म्हणणारे ज्युनियर विचारतात की ताई सुरुवातीला कसले पेशंट येतात. कंबर, मान, खांदा तर येणारच, पण पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं आणि व्हॉलीबॉलवाले यांचा गुडघा हमखास येतो, आणि तो नीट हाताळला नाही तर पोराचं वर्ष जातं, म्हणून त्याबद्दलच लिहितेय.

कुठे दुखतं विचारलं की पोरगा एका बोटाने वाटीचं खालचं टोक दाबून दाखवतो. तिथेच पटेलर टेंडन, म्हणजे वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणारी जाड दोरी. उडी मारताना, जिना उतरताना दुखतं, वॉर्मअप झाला की कमी होतं आणि एसटीत दोन तास बसून आलं की परत आखडतं. गुडघा सुजलेला असेल, अडकत असेल, चालताना दगा देत असेल तर मात्र व्यायाम सुरू करू नका, आधी ऑर्थोकडे म्हणजे हाडांच्या डॉक्टरकडे पाठवा.

माझ्या पहिल्याच वर्षी चोपड्याकडचा एक व्हॉलीबॉलवाला आला होता, त्याला मी महिनाभर पूर्ण आराम सांगितला. दुखणं गेलं, तोही खूश मीही खूश, आणि ग्राउंडवर गेल्यावर चौथ्या दिवशी पहिल्यापेक्षा जास्त दुखायला लागलं. टेंडनला काम दिलं नाही की ती ताण सोसायची सवय सोडते, दुखत नव्हतं कारण लोडच नव्हता. त्याचं पडलेलं तोंड अजून आठवतं मला.

मग नव्याने सुरुवात केली. ट्रॉलीवर माल बांधायचा पट्टा व्हॉलीबॉलच्या खांबाला बांधला, दोन्ही गुडघ्यांच्या मागून घेतला आणि पट्ट्यावर रेलून अर्ध्या बैठकीत स्थिर थांबायचं, 45 सेकंद, असं पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं आराम. ते जमलं की जड वजन घेऊन हळू बैठका, आठवड्यातून तीनदा, एक दिवसाआड, खाली जायला तीन सेकंद वर यायला तीन. 15 वेळा जेमतेम उचलता येईल अशा वजनापासून सुरू करून काही आठवड्यांत 6 वेळांच्या वजनापर्यंत. जिम नसेल तर पाठीवरच्या बॅगेत गहू भरा, चालतं. त्यानंतर उड्या, त्याही आधी दोन पायांवर, मग एका पायावर, मग पळणं आणि वळणं, आणि शेवटी खेळ.

खरं काम मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी असतं. सुताराकडून एक उतरती फळी करून घ्या, 40 सेंटीमीटर लांब, टाचेकडची बाजू 17 सेंटीमीटर उचललेली, म्हणजे बरोबर 25 अंश येतात. रोज सकाळी त्यावर दुखऱ्या पायाने एक बैठक आणि दहापैकी किती दुखलं ते वहीत लिहायचं. तीनपर्यंत चालेल. कालच्यापेक्षा वाढलं तर काल जास्त झालं, एक पायरी मागे या पण बंद करू नका. व्यायाम करताना किती दुखलं यापेक्षा हा सकाळचा आकडा मी जास्त मानते, कारण टेंडन तक्रार उशिरा करते.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बरं वाटायला लागतं आणि तेव्हाच "मॅडम, आते पयू का?" म्हणजे आता पळू का, सुरू होतं. तिथे पाघळू नका. नेदरलँड्समध्ये 76 खेळाडूंवर असाच टप्प्याटप्प्याचा प्रोग्रॅम जुन्या पद्धतीच्या व्यायामाशी ताडून पाहिला, टप्प्याटप्प्याचा सरस ठरला, तरी 24 आठवड्यांनी निम्म्याहून कमी जण पूर्वीच्या लेव्हलला पोचले होते. म्हणून पहिल्या भेटीतच सहा महिने सांगते, आई-वडिलांना समोर बसवून, कारण तो रिकामा दिसला की घरचे लगेच केळीच्या घडांवर पाठवतात आणि घड खांद्यावर घेऊन उठ-बस म्हणजे न मोजलेला लोडच.

आणि भरतीवाला असेल तर 1600 मीटर धावण्याच्या चाचणीची तारीख आधी विचारा, प्लॅन तिथून उलटा मोजत आखावा लागतो, आणि तारीख दोन महिन्यांवर असेल तर एवढ्यात जमणं अवघड आहे हे त्याला त्याच दिवशी स्पष्ट सांगा.