धुकं काही शिसपेन्सिलीत उतरेना

पहिली चित्रमालिका हाती आली तेव्हा मी आधी पेन्सिली बाहेर काढल्या आणि मग विचार केला. आठ चित्रं, सगळी पहाटेच्या धुक्यातली. गुळगुळीत कागदावर एचबी ते ६बी, म्हणजे मध्यम ते मऊ-गडद पेन्सिली वापरून दोन चित्रं उरकली. रेखाटन इतकं स्वच्छ की झाडाचं पान न् पान मोजावं. धुक्याचा मात्र पत्ता नाही. वर गडद भागात ग्राफाइट, म्हणजे पेन्सिलीतलं शिसं, चकाकत होतं, त्यामुळे स्कॅनमध्ये काळ्याचं राखाडी झालं.

मग, जे आधीच करायला हवं होतं ते केलं. तळहाताएवढ्या चौकटी आखल्या आणि झाड, वाट, एक माणूस असा एकच प्रसंग वेगवेगळ्या साधनांत काढून पाहिला. टाक-शाईनं भर दुपार झाली. शाईच्या वॉशनं, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या शाईच्या थरानं, पाऊस आला. विलो चारकोलपाशी, म्हणजे विलो झाडाच्या काड्यांच्या कोळशापाशी, हात थांबला. त्यात चिकट द्रव्य नसतं, पूड कागदावर नुसती टेकलेली असते. आख्खी चौकट काळवंडून घेतली, मऊ फडकं फिरवलं, मळता येणाऱ्या रबराला टोक काढलं आणि झाडामागचा उजेड टिपून घेतला. झाड काढलंच नाही; भोवतालचं पुसलं. कॉम्प्रेस्ड चारकोल, म्हणजे पूड दाबून केलेली कांडी, सर्वांत शेवटी, तोही फक्त माणसापुरता. त्यात डिंकासारखं द्रव्य असतं, एकदा बसला की नीट पुसला जात नाही.

नवखी मंडळी पेन्सिलींवर पैसे घालवतात आणि कागद मिळेल तो घेतात. मीही तेच केलं होतं. फ्रेंच चित्रकार झॉर्झ सरा यांची १८८० च्या दशकातली काँते क्रेयॉनची (कडक काळ्या खडूची) चित्रं जरा जवळून पाहा: काळं कागदाच्या उंचवट्यांवर बसतं, खळगे पांढरे राहतात, आणि कडेला रेघ नसतानाही आकृती अंधारातून वर येते. गुळगुळीत कागदावर हे जमणं कठीण.

फिक्सेटिव्ह, म्हणजे पूड कागदावर पक्की करणारा फवारा, लांबून, पातळ थरांत मारा. चारकोल त्यानं किंचित गडद होतो, म्हणून उजेड एक छटा जास्तच ठेवा.

आणि मालिकेचा सगळा कागद एकदम घ्या. माझा पाचव्या चित्राला संपला. नवा जरासा जास्त पांढरा निघाला आणि माझ्या पहाटेत एकदम सकाळचे नऊ वाजले. ते चित्र पुन्हा काढावं लागलं.